सामुदायिक एकाग्रता

आमच्या नातीचं लक्ष नसतं ही गोष्ट मला पालकसभेत समजली, तीही दुसऱ्यांदा सांगितल्यावर. पहिल्यांदा वर्गशिक्षिका सांगत होत्या तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

दोष खिडकीचा आहे. धारूरच्या त्या शाळेच्या खिडकीतून किल्ल्याचा उतार दिसतो आणि उतारावरच्या सीताफळी दिसतात. श्रावण सरत आला की कुठल्या झाडानं किती फळ धरलंय ते बसल्या जागेवरून सांगता येतं. मी पंचायत समितीच्या बांधकाम विभागात हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढली. खिडकी कुठं नसावी एवढं मला नक्की कळतं.

"आजोबा, मी तुमच्याशीच बोलतेय," बाई म्हणाल्या. "तेजश्री हुशार आहे, पण लक्ष नाही. सारखी बाहेर बघते. कुणावर गेलीय काय माहीत."

शेजारी सूनबाई बसली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी घाईघाईनं फळ्याकडं बघू लागलो. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

सूनबाई, म्हणजे प्रियदर्शनी, बँकेत आहे. ती कमी बोलते आणि शिल्लक अचूक सांगते. घरी येईपर्यंत ती एकच शब्द बोलली. "लातूर."

आमच्या बीड जिल्ह्यात मूल सातवीत गेलं की घरात हा शब्द निघतो. तिथं शिकवण्या आहेत, वसतिगृहं आहेत, आणि कोंबडं आरवायच्या आधी उठून अभ्यास करणारी मुलं आहेत. लातूरला गेलेली मुलं मार्क घेऊन परत येतात हे मी बघितलंय. मार्क येतात, मूल मात्र परत आल्याचं काही मला आठवत नाही. सुट्टीत जे येतं ते दुसरंच कुणीतरी असतं. ते "हो आजोबा" म्हणतं आणि घड्याळाकडं बघतं.

तेजू आणि मी संध्याकाळी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत फिरायला जातो. ती जाताना बोलते आणि येतानाही बोलते. निवृत्त झाल्यापासून मला कुणी आपण होऊन काही सांगावं असा दिवसातला तो एकच प्रसंग. तो मी लातूरला पाठवायला तयार नव्हतो.

"दिवाळीपर्यंत मुदत दे," मी सूनबाईला म्हणालो. "पोरीचं लक्ष मी सुधारतो."

"तुमी?" सूनबाई म्हणाली.

या एका शब्दात माझा जो अपमान झाला, तो मी गिळला. मुलगा अंगद समोरच होता. घरातल्या वादात जो शेवटी बोलतो त्याच्याशी सहमत व्हायचं, असं त्याचं धोरण आहे. शेवटी सूनबाई बोलली. "ठीक हाय. लक्ष सुधारलं तर पोरगी इथंच राहील. न्हाई सुधारलं तर दिवाळी झाली की लातूर." अंगदनं मान हलवली आणि करार झाला.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली सल्ला घेऊन दारात उभी राहिली. रिटायर्ड कंडक्टर सुग्रीव म्हणाला, पोरीला भिजवलेले बदाम द्या. समोरच्या किराणा दुकानवाल्या सोमलिंगअप्पांची बायको मल्लम्मा म्हणाली, नजर लागलीय, आधी मीठमोहऱ्या उतरवा. आमच्या सौभाग्यवती वनमालाबाई म्हणाल्या, "पोरीला काय धाड भरलीय? आजोबावर गेलीय, एवढंच." हा सल्ला नव्हता, पण लोकांनी तोच सगळ्यात जास्त मानला.

खरा इलाज सांगितला तो बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्या संगमेश्वरनं. हा तरुण पीकविम्याचे अर्ज भरतो, आधार दुरुस्त करतो आणि लग्नपत्रिकाही छापतो. आता त्यानं मेंदूचं काम घेतलं होतं.

"भाऊसाहेब, मेंदू म्हंजी काय? मसल हाय. वापरला की वाढतो."

"आणि इतके दिवस वापरलाच नसला तर?"

"तर मग स्कोप लई हाय," तो माझ्या डोक्याकडं बघत म्हणाला.

प्रोग्रॅमचं नाव 'मत्स्यवेध'. पडद्यावर मासे पोहतात. लाल डोळ्याचा मासा आला की बटण दाबायचं, काळ्या डोळ्याचा आला की हात आवरायचा. मग दिव्यांची ओळ येते. दिवे ज्या क्रमानं लागले त्याच्या उलट क्रमानं दाबायचे. बरोबर आलं की खेळ अवघड होतो आणि चुकलं की सोपा होतो. म्हणजे काम चांगलं केलं की जास्त काम, आणि बिघडवलं की कमी काम. आमच्या कचेरीतही हीच पद्धत होती. फक्त तिच्यानं मेंदू वाढतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक कमळ. मूल रोज बसलं तर ते फुलतं आणि एक दिवस चुकला की पाकळी गळते. सगळ्या पाकळ्या गळल्या की पहिल्यापासून सुरुवात. हे कमळ आमचा सत्यानाश करणार आहे, हे तेव्हा मला कळलं नाही. दिसायला फार गोंडस होतं.

मात्र नाव नोंदवायला शाळेचं पत्र पाहिजे होतं, की मुलीचं लक्ष लागत नाही. मी मुख्याध्यापकांकडं गेलो.

"असं पत्र कसं देता येईल, भाऊसाहेब?" ते दचकून म्हणाले. "आमच्या शाळेत लक्ष नसलेला एकही विद्यार्थी नाही, असं आम्ही जूनमध्येच वर कळवलंय."

"पण बाईच म्हणाल्या सभेत."

"बाई तोंडी म्हणाल्या."

तोंडी आणि लेखी यांच्यामधल्या जागेत तर मी माझा संसार केला. बरंच चहापाणी झाल्यावर मीच मसुदा करून दिला: 'सदर विद्यार्थिनीचे लक्ष उत्तम असून ते सध्या अन्यत्र आहे.' मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, डोळे मिटून समाधानानं मान हलवली आणि सही ठोकली. माझ्या सेवेतही माझ्या मसुद्याला अशी दाद कुणी दिली नव्हती.

कॉम्प्युटर घरी आला. तेजू बसली. लाल डोळ्याचा मासा आला आणि आमच्या गल्लीतली वीज गेली.

मग हे रोजचंच झालं. मासा आला की वीज जाई, आणि वीज आली की तेजू शाळेत गेलेली असे. पाकळ्या गळायला लागल्या. त्या काळात मी उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याकडं बघतात तसा त्या कमळाकडं बघायचो. शेवटी सुग्रीवनं तोडगा काढला. सोमलिंगअप्पांच्या दुकानात इन्व्हर्टर होता. कॉम्प्युटर उचलून तिकडं नेला आणि तूरडाळीचं पोतं आणि गोडेतेलाचे डबे यांच्या मधोमध त्याची स्थापना झाली. मल्लम्मानं त्याला हळदकुंकू वाहिलं, वर भस्माचा पट्टाही ओढला.

इथं सोमलिंगअप्पांच्या दुकानाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. त्या दुकानात पेपर एकच येतो आणि गल्ली तो मिळून वाचते. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे दुरुस्त्या करतात. शब्दकोडं एकाच माणसानं सोडवल्याचं तिथं उदाहरण नाही. आडवे शब्द एकजण भरतो, उभे दुसरा, आणि चुकीचे सगळे मिळून. एखादा माणूस एकटा काही करताना दिसला तर त्याला मदत करायची, हा आमचा शिष्टाचार आहे. नाही केली, तर भांडण आहे असा अर्थ निघतो.

आमच्याशी तर कुणाचं भांडण नव्हतं.

तेजू खुर्चीत बसली की मागं पाचसहा माणसं उभी राहत.

"दाब, दाब! लाल हाय!"

"आगं काळा हाय तो, हात काढ!"

"कुठं काळा बे? चष्मा पूस आधी."

"सुग्रीवभाऊ, तुमी मधी बोलू नका, पोरीचं लक्ष जातंय."

"मी कुठं बोलतोय? तुमीच बोलायलात मगाधरनं!"

"आबा," तेजू म्हणायची, "मला मासेच दिसंनात. सगळे मधी येतेत."

तरी कमळ टिकून होतं. पण महालक्ष्म्यांचा सण आला आणि तेजू आईबरोबर उमापूरला आजोळी गेली. पहिल्याच सकाळी मी दुकानात गेलो तर एक पाकळी पिवळी पडलेली. माणसानं काय करावं? मी इकडंतिकडं बघितलं आणि खुर्चीत बसलो. माशांचं आणि माझं बरं जमलं. पाकळी सावरली.

हे बघून सोमलिंगअप्पा म्हणाले, "भाऊसाहेब, एकट्यानं कावून बेजार होता? आमी कशाला हाओत?"

आणि पाळ्या लागल्या. सकाळी वनमालाबाई, त्यानंतर गिऱ्हाईक सांभाळून सोमलिंगअप्पा, संध्याकाळी सुग्रीव. दुपारच्या जेवणानंतरचा वेळ कुणी घेईना, तो माझ्याकडं आला. पोरीवर सगळ्यांचाच जीव. तिच्यासाठी आपण एवढंही करू नये का, अशी भावना होती.

वनमालाबाई काळ्या डोळ्याच्या माशालाही बटण दाबत. "एकाला द्यायचं अन् एकाला न्हाई, हे मला जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?" सोमलिंगअप्पा चांगले खेळायचे, पण मध्येच साखर तोलायला उठायचे. सुग्रीव चुकला की बटण धरून ठेवायचा आणि माशाला शिव्या द्यायचा. माझ्या खेळाविषयी मी काय बोलावं? मन लावून करत होतो. दुकानात दुपारी वारा चांगला येतो एवढंच.

तेजू परत आली. कमळ टवटवीत होतं. तिनं आमच्याकडं बघितलं, कमळाकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, मग मी जाऊ खेळायला?"

"जा," मी म्हणालो. "आम्ही आहोत."

त्यानंतर ती अधूनमधून यायची. आमच्या पाळ्यांच्या मध्ये जागा मिळाली तर बसायची.

दसरा झाला आणि संगमेश्वरनं बोलावलं. 'मत्स्यवेध'वाल्या पुण्याच्या तज्ज्ञ मॅडम व्हिडिओवर येऊन अहवाल सांगणार होत्या. त्याच्या केबिनमध्ये सूनबाई, अंगद आणि मी बसलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कौतुक ऐकताना माणूस नीटनेटका असावा.

मॅडम पडद्यावर आल्या. त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही.

"इतक्या वर्षांत मी असा आलेख बघितला नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी मुलगी प्रत्येक माशाला बटण दाबते. स्वतःला थांबवणं म्हणून तिला माहीतच नाही. थोड्या वेळानं ती चांगली खेळते, पण मध्येच पूर्ण थांबते. कुणीतरी हाक मारल्यासारखी निघून जाते आणि परत येते. संध्याकाळी ती चुकली की रागानं बटण दाबून धरते. मला तिच्या रागाची काळजी वाटते. आणि दुपारी..."

"दुपारी काय?" मी विचारलं.

"दुपारी जवळजवळ काहीच नाही. मेंदू बंद ठेवल्यासारखा. मुलगी शाळकरी नसती, तर मी ही म्हातारपणाची लक्षणं म्हटली असती."

"दुपारी उकडतं, मॅडम," मी म्हणालो.

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. मॅडम पुढं बोलतच होत्या. मुलीला कडक शिस्त, ठरलेलं वेळापत्रक, घरापासून लांब निवासी व्यवस्था, वगैरे. 'निवासी' म्हणताच सूनबाईनं पर्स बंद केली. बँकेतलं काऊंटर बंद होताना असाच आवाज होतो.

माणसाच्या आयुष्यात स्वाभिमान आणि नात यांतून एकच ठेवता येतं असा क्षण येतो. मी उभा राहिलो.

"मॅडम," मी म्हणालो, "दुपारचा मेंदू माझा आहे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. संगमेश्वरनं डोक्याला हात लावला.

"आणि सकाळचा?" सूनबाईनं विचारलं.

"तुझ्या सासूबाईंचा."

"मधी उठून जाणारा?"

"सोमलिंगअप्पांचा. गिऱ्हाईक येतं ना त्यांचं."

"अन् चिडका?"

"सुग्रीव."

"मग माझ्या पोरीचा मेंदू कुठं हाय, आबा?"

"तो," मी म्हणालो, "खेळायला गेलाय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या हसत होत्या की काय ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात संगमेश्वरनं पडदा आपल्याकडं वळवला. बरंच बोलणं झालं. ठरलं असं, की तेजूची नव्यानं परीक्षा घ्यायची. संगमेश्वरच्या केबिनमध्ये, दार लावून, आणि गल्लीतला एकही माणूस आत न घेता. निकाल येईल तो मानायचा. सूनबाईनं तेही कबूल केलं. ती शब्दाची पक्की आहे, एवढं मी म्हणेन.

त्या संध्याकाळी किल्ल्याच्या रस्त्यावर मी तेजूला सगळं सांगितलं.

"मन लावून कर. तुझं लक्ष चांगलं निघालं की मग तू इथंच."

"नक्की?"

"नक्की. तुझी आईच म्हणलीय."

परत येताना ती काही बोलली नाही. म्हणाली, सराव करतेय.

परीक्षेच्या दिवशी संगमेश्वरनं केबिनच्या काचांना आतून पेपर चिकटवला. बाहेर आम्ही सगळे उभे. सोमलिंगअप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. मल्लम्मा ओठातल्या ओठात शिवाचं नाव घेत होती. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गल्लीतला कुणी माणूस एकटा काही करत होता, आणि आम्हाला मदत करता येत नव्हती. सुग्रीवची तर तब्येतच बिघडली.

दार उघडलं. तेजू बाहेर आली आणि म्हणाली, "आज्जी, भूक लागली." तिच्या मागून संगमेश्वर आला. त्याचा चेहरा लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखा फुलला होता.

"भाऊसाहेब, याच्या वर आता लेवलच न्हाई! मशीन संपली! मॅडम म्हणत्यात, असं लक्ष हजारात एखाद्या पोराचं. वर्गात कंटाळत आसंल म्हणून बाहेर बघती."

मी सूनबाईकडं बघितलं. पालकसभेपासून मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच. सूनबाईच्या डोळ्यात पाणी होतं. आता मी विजयी माणसाला शोभेल अशी नम्रता धारण केली.

पेढे वाटले. चौकात फ्लेक्स लागला. त्यात तेजूचा फोटो लहान होता आणि संगमेश्वरचा मोठा. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत सोमलिंगअप्पा आणि कुठल्याशा युवा नेत्याच्या मध्ये मी होतो, आणि डोळे मिटलेले होते. शाळेनं 'आमची शाळा, आमचा अभिमान' असा वेगळा फ्लेक्स लावला. मुख्याध्यापक मला भेटून म्हणाले, "मी आधीच लिहून दिलं होतं, लक्ष उत्तम आहे म्हणून."

पुढच्या सकाळी सूनबाईनं स्वतः चहा आणून दिला. असं झालं की मला भीती वाटते.

"आबा, तुमीच खरे निघालात. माझंच चुकलं. पोरगी साधी न्हाई."

"मी म्हणतच होतो."

"म्हणूनच म्हणते. एवढी हुशार पोरगी इथं ठेवली तर उद्या ती आपल्याला माफ करायची न्हाई. साधी असती तर गोष्ट वेगळी. दिवाळीनंतर लातूरला नवी तुकडी सुरू होतीय, मी बोललेय त्यांच्याशी."

अंगद म्हणाला, बरोबर आहे.

मी दुकानात गेलो. तिथं तरी माझी बाजू घेणारी माणसं होती. सोमलिंगअप्पांनी तराजू खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण एवढा मेंदू धारूरात काय करील?"

"का? आपण सगळे इथंच राहिलो की!"

"तेच म्हणतोय मी," सोमलिंगअप्पा म्हणाले.

सुग्रीव म्हणाला, लातूरच्या गाडीत खिडकीची जागा मी बघून देतो. मल्लम्मानं शेंगदाण्याची चटणी करायला घेतली. कुणीही आमचं वाईट चिंतत नव्हतं. त्यामुळं भांडायलाही कुणी नव्हतं.

साध्या पोरीला साधी म्हणून पाठवायचं आणि हुशार पोरीला हुशार म्हणून. या दोन्हींच्या मधली, म्हणजे इथंच ठेवायच्या लायकीची पोरगी कशी असते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फायलीवर 'नामंजूर' लिहिणारे साहेब मी पुष्कळ बघितले. पण अर्ज पूर्णपणे मान्य करून माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणारा निकाल हा पहिलाच.

दिवाळी झाली. स्टँडवर अख्खी गल्ली आली होती. सूनबाई सोबत जाणार होती, ती पेटी टपावर चढवून घेत होती. तेजू माझ्याजवळ उभी होती. नवा ड्रेस, घट्ट वेण्या.

"आबा, मी मन लावून केलं ना?"

"केलंस."

"मग? तुमी तर म्हणला व्हतात, लक्ष चांगलं निघालं की इथंच."

"नियम बदलला, बेटा."

"कवा?"

"तू पास झालीस तवा."

कंडक्टरनं घंटी मारली. सूनबाईनं दारातून हाक मारली तशी तेजू गाडीत चढली आणि सुग्रीवनं रुमाल टाकून धरलेल्या जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, आता ती बाहेरची माणसं बघेल, फळांच्या पाट्या बघेल, कुत्री बघेल. तिनं काहीच बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. गाडी निघाली, वळली, तरी तिनं माझ्यावरची नजर एकदाही हलवली नाही.